ओल्या भिंतीची दिवाळी

दिवाळी अंकात दिवाळीच्याच एका रीतीवर टीका करायची, म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून लाडवाला नावे ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. संपादकांनी मोठ्या अगत्याने फराळाला बोलवावे आणि पाहुण्याने ताटाकडे न पाहता भिंतीकडे बोट दाखवून "ओल आहे हो तुमच्याकडे" असे म्हणावे, तसला हा प्रकार आहे. पण हे बोट मला कोणी वेळीच दाखवले असते आणि ते मी पाहिले असते, तर माझे ३१,००० रुपये वाचले असते. पैशांचे एक वेळ सोडा. माझ्या आईचा एक शिमगा तरी सुखाने गेला असता. म्हणून हा उद्धटपणा करतो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दिवाळीच्या तोंडावर घराला आतून रंग देणे ही मध्यमवर्गीय माणसाची मोठी उधळपट्टी आहे, आणि गंमत अशी की ती तो काटकसर समजून करतो. तो सवलतीचा डबा शोधतो, रंगाऱ्याशी मजुरीवरून घासाघीस करतो, "दोन हातांऐवजी एका हातात भागवा" म्हणतो, आणि असे चारपाचशे रुपये वाचवल्याच्या समाधानात दोन वर्षांनी पुन्हा सगळा खर्च करतो. चांगला रंग महाग असतो, ही तक्रार मी रोज ऐकतो. ती खरी नाही. चांगला रंग चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या भिंतीवर दिला, तर महाग पडतो. बचत करायची जागा दुकानाचा गल्ला ही नसून घराची भिंत ही आहे.

हे सांगण्याचा माझा अधिकार काय? मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण दहावीपर्यंतचे, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. त्यापुढे चित्रकलेच्या परीक्षा तेवढ्या दिल्या. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कादंबरीतल्या घराला रंग देणे फार सोपे असते. "पिवळसर भिंती" असे दोन शब्द टाकले की चार खोल्या रंगून होतात, आणि तो रंग पुढच्या आवृत्तीपर्यंत टिकतो. खऱ्या घराचे तसे नसते, हे मला २०२१ साली कळले.

त्या वर्षीच्या २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आमच्या घरातही ते पुरुषभर चढले. आमचे घर तीन पिढ्यांचे आहे, असे मी म्हणतो ते अक्षरशः. जांभ्याच्या भिंती आजोबांच्या वेळच्या, वरचा स्लॅब वडिलांच्या वेळचा आणि आतला सिमेंटचा गिलावा माझ्या लग्नाच्या वेळचा. पाणी उतरले, चिखल उपसला, भांडी घासून झाली. पण भिंतींवर सगळीकडे एक तपकिरी रेघ राहिली. जेवायला बसले की ती समोर दिसे, निजले की डोक्याशी दिसे. गणपती त्या रेघेसमोरच बसले आणि गेले. नवरात्र लागले तेव्हा आई म्हणाली, "पूर येऊन गेला, हे भिंतीने रोज सांगायला नको. दिवाळीला घर उजळलं पाहिजे."

या वाक्याला उत्तर नव्हते. मी पतपेढीतून २०,००० रुपये काढले, थोडे घरात होते, आणि दुकानात गेलो. दुकानदाराने दिवाळीची सवलत सांगितली. पुराने गांजलेला माणूस, त्यात चित्रकलेचा शिक्षक. मी सर्वांत भारी रंग घेतला. आमच्या रंगारीकाकांनी मागच्या भिंतीवर तळहात ठेवला, मग पाठीमागून नख मारून पाहिले आणि म्हणाले, "सर, भिंत प्यायलेली आहे. तिला उतरू द्या."

"काका, भिंत उतरेपर्यंत दिवाळी थांबते का?" मी म्हणालो.

माझे हे उत्तर मला तेव्हा फार चतुरपणाचे वाटले. काका गप्प बसले. मजूर माणूस गिऱ्हाइकाशी किती वाद घालणार? लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते. त्याच्या आदल्या दिवशी घर असे झळकत होते, की शेजारची माणसे बघायला आली. रंगाचे ११,४०० रुपये, लांबी, प्रायमर वगैरेचे ५,६०० रुपये आणि मजुरीचे १४,००० रुपये. आईने हात फिरवून भिंत पाहिली. कशी लोण्यासारखी!

माघात त्या लोण्यावर फोड आले. आधी मागच्या भिंतीला जोत्याच्या वर वीतभर, मग कपाटामागे, मग सगळीकडे. फोड दाबला की आतून पांढरी भुकटी सांडे. शिमग्याच्या सुमारास पोपडे हातहात लांबीचे निघू लागले आणि त्यांच्या आत ती तपकिरी रेघ पुन्हा दिसू लागली. आई रोज सकाळी सुपात पोपडे भरून बाहेर टाकी. एक दिवस ती सूप तसेच धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पूर बरा. तो एकदाच आला." रंग गेला होता, पतपेढीचे हप्ते मात्र चांगले दीड वर्ष टिकले.

पुराची गोष्ट अपवादाची आहे, असे कोणी म्हणेल. तुमच्याकडे नदी घरात येत नाही, हे मान्य. पण पाऊस येतो ना? कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने भिंती भिजतात. देशावर थोड्या कमी, मुंबईच्या चाळी-इमारतींत गच्चीतून आणि बाहेरच्या भेगांतून. हा पाऊस आपल्याकडून जातो ऑक्टोबरात. दसरा-दिवाळीही त्याच सुमारास येतात. म्हणजे वर्षातल्या बारा महिन्यांपैकी ज्या महिन्यात भिंतीच्या पोटात सर्वांत जास्त पाणी असते, नेमका तोच महिना आपण तिच्यावर प्लॅस्टिकचे पांघरूण घालायला निवडतो. जुलैत प्यायलेले पाणी जाड भिंत आठ दिवसांच्या उन्हाने सोडत नाही. वरून हाताला कोरडी लागते, तेवढेच.

मग आपले वाडवडील काय मूर्ख होते? तेही दिवाळीलाच घर उजळत होते! हा आक्षेप मी मुद्दाम पुढे मांडतो, कारण माझ्या मते सगळे मर्म त्यातच आहे. ते मूर्ख नव्हते. ते भिंतीला चुना देत होते.

चुन्याचा स्वभाव आपण विसरलो आहोत. चुनकळी पाण्यात विझवून, भिजत ठेवून, फडक्याने गाळून, त्यात डिंकाचे पाणी आणि किंचित नीळ घालून जी सफेदी होते, ती कोरड्या भिंतीला नीट धरतच नाही. भिंत ओलसर लागते. जुने लोक हात देण्याआधी भिंतीवर पाणी मारत ते उगीच नव्हे. भिंतीवर गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो, आणि हा थर सच्छिद्र असतो. आतली ओल त्यातून वाफ होऊन निघून जाते. शिवाय चुना क्षारधर्मी. बुरशीला तो मानवत नाही. पावसाळ्याने बुरसटलेल्या, अर्धवट ओल्या घराला आश्विनात चुना देणे हा म्हणूनच अतिशय शहाणपणाचा रिवाज होता. खर्च थोडा, काम घरच्या माणसांचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हात दिला तरी ओझे नाही.

आजचा इमल्शन रंग याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. त्यात राळेचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून अखंड पापुद्रा बनतो. म्हणून तर तो पुसता येतो, धुता येतो, डाग धरत नाही. पण बाहेरचे पाणी आत न घेणारा पापुद्रा आतले पाणीही सहजासहजी बाहेर सोडत नाही. ओल आपल्याबरोबर भिंतीतले क्षार विरघळवून आणते. पृष्ठभागाशी पाणी वाफ होते आणि क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक रंगाला आतून ढकलू लागतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. माझ्या फोडांतली पांढरी भुकटी ती हीच.

एवंच, आपण साहित्य बदलले आणि तिथी तीच ठेवली. वाडवडिलांची रीत आपण पाळतो, असे आपण समजतो; वस्तुतः त्या रीतीतला चुना टाकून देऊन आपण फक्त पंचांग पाळतो आहोत. धोतराच्या जागी पाटलोण आली तेव्हा निऱ्या घालणे आपण सोडले. रंगाच्या बाबतीत मात्र पाटलोणीला निऱ्या घालण्याचा आमचा हट्ट कायम आहे.

यावर दुकानातून उत्तर येते की, "आता ओल अडवणारे लेप निघाले आहेत, ते आधी द्या." लेप निघाले आहेत, आणि योग्य जागी ते उपयोगीही आहेत. पण पाणी बाहेरून येत असताना आतून लेप देणे म्हणजे उकळत्या पातेल्यावर झाकण दाबून धरणे होय. ते पाणी दुसरी वाट काढते. आज कमरेला दिसणारी ओल उद्या छातीला दिसते. आधी पन्हळ पाहा, गच्ची पाहा, बाहेरच्या भेगा पाहा, संडास-न्हाणीचे नळ पाहा, जोत्याशी साचणारे पाणी पाहा. पाणी जिथून शिरते तिथेच ते अडवावे लागते. ही कामे कोणाला दिसत नाहीत, त्यांची छटापुस्तिका नसते, पाहुणे त्यांचे कौतुक करत नाहीत. म्हणून आपण ती करत नाही.

आता दुकानातल्या बचतीकडे वळू. तिथेही आपण डोळे मिटून वागतो. रंगाचा भाव आपण लिटरला विचारतो. भाव विचारायचा तो फुटाला! पांढऱ्या रंगाची झाकण्याची ताकद मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडमधून येते. ते ज्या इल्मेनाइटपासून करतात, ते केरळच्या किनाऱ्यावर आहे, आणि आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही आहे. ते महाग असते. म्हणून स्वस्त डब्यात ते कमी आणि खडूची पूड जास्त असते. समजा, एक रंग २०० रुपये लिटर आहे आणि दोन हातांत तो ७० चौरस फूट झाकतो. दुसरा ३५० रुपये लिटर आहे आणि १४० चौरस फूट झाकतो. पहिला फुटाला २ रुपये ८५ पैशांच्या घरात गेला, दुसरा अडीच रुपयांत बसला. स्वस्त डबाच महाग ठरला. आणि पहिल्याला तिसरा हात लागला तर त्याची मजुरी वेगळी. एक लिटर किती फूट झाकतो, हे बहुधा डब्यावर किंवा कंपनीच्या पत्रकावर दिलेले असते. सातवीतल्या मुलाला येणारा हा भागाकार आपण दुकानात करत नाही, कारण आपण तिथे छटापुस्तिकेतल्या गुलाबी रंगांची नावे वाचण्यात गुंग असतो.

मापाचेही तसेच. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट. चार भिंती मिळून ४४० चौरस फूट झाल्या. दाराचे २१ आणि दोन खिडक्यांचे ३२ वजा करा, राहिले ३८७. लिटरला १२० फूट धरले, तरी दोन हातांना सव्वातीन लिटर पुरतो. छताच्या १२० फुटांना आणखी एक लिटर. असे असताना त्या खोलीसाठी दहा लिटरची बादली घरात येते, कारण "मोठी बादली स्वस्त पडते". उरलेला रंग माळ्यावर जातो आणि दोन वर्षांनी दगड होऊन खाली येतो. एकदा छटा मिसळून दिली की दुकानदार ती परत घेत नाही. या स्वस्ताईला काय म्हणावे?

पण याचा अर्थ सगळीकडे भारी रंगच द्यावा, असाही नाही. छताला कोणी हात लावत नाही, तिथे मुले तेलकट बोटे पुसत नाहीत. त्याला धुण्याजोगा रंग कशाला? तिथे साधा पांढरा रंग किंवा चुना द्या. स्वयंपाकघर, जिना, मुलांचे हात पोचतात तेवढी भिंत, येथे चांगल्या रंगाचे पैसे खर्च करा. गडद छटांचा मोह आवरा; त्या महाग पडतात, आणि पुढे त्यांवर फिका रंग द्यायचा तर एखादा हात जास्त लागतो. उरलेला वाटीभर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून वर छटेचा क्रमांक लिहून ठेवा. खिळा उपटल्याच्या डागासाठी भिंत रंगवावी लागणार नाही. आणि डब्यावर जेवढे पाणी घालायला सांगितले आहे तेवढेच घातले जाते की नाही, हे स्वतः उभे राहून पाहा. पातळ केलेला उत्तम रंग आणि स्वस्त रंग यांत फरक एवढाच, की पहिल्याचे पैसे तुम्ही जास्त दिलेले असतात.

पाणी घालतो कोण? रंगारी. इथे वाचक सुखावून म्हणतील, "तेच म्हणतो आम्ही! ही माणसेच लबाड." थांबा. या माणसाला आपण काय दिले ते आधी पाहू. दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे दहा घरे असतात आणि प्रत्येकाला धनत्रयोदशीच्या आत घर हवे असते. आपण त्याला फुटावर काम देतो, त्यातही भाव पाडतो, आणि वर "लवकर" म्हणतो. भिंत खरवडणे, घासणे, लांबी भरणे, ती वाळू देणे, पुन्हा घासणे, प्रायमर देणे आणि तो वाळू देणे, यांतच रंगाचे आयुष्य असते. पण या कामाला वेळ लागतो आणि ते रंगाखाली झाकले जाते. फुटाच्या भावात ते कोण करील? बऱ्याच डब्यांतून रंगाऱ्यासाठी टोकन घातलेले असते. अमुक डबा घ्या असा आग्रह त्याने धरला, तर त्यामागे बऱ्याचदा हे टोकन असते. त्याचा आपल्याला राग येतो. पण ते पैसे शेवटी आपल्याच खिशातून गेलेले असतात. उजळ माथ्याने मजुरी म्हणून द्यायचे ते आपण झाकणाखालून देतो, एवढेच. माझा अनुभव असा की, खरवडण्या-घासण्याची मजुरी रोजावर द्यावी आणि फक्त रंगाचे हात फुटावर द्यावेत. मग घाई करण्याचे त्याला कारण उरत नाही.

या घाईत एक गोष्ट पैशांहून मोठी आहे. जुन्या दारांवर, खिडक्यांवर, गजांवर बापजाद्यांच्या वेळचे तेलरंग असतात. त्या रंगांत शिसे असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला. पण दारावर आधीच बसलेल्या रंगाला तो नियम कोण वाचून दाखवणार? काचपेपराने कोरडेच घासले की त्याची धूळ घरभर होते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते, आणि त्याचे अमुक प्रमाण निर्धोक असे म्हणता येत नाही. २०२१ साली आमची दारे रंगारीकाकांच्या भाच्याने घासली. पोरगा अठरा वर्षांचा. तोंडाला फडके नाही, दाराला पाणी नाही, आणि पलीकडे माझी मुलगी पाटावर बसून चित्र रंगवते आहे. हे मी पाहत होतो, आणि मला फक्त एवढेच दिसत होते की दिवाळीला नऊ दिवस राहिले. त्याबद्दल मी स्वतःला अजून क्षमा केलेली नाही. जुना तेलरंग ओला करूनच घासावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये, धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी, आणि घासणाऱ्याला चांगला मुखपट्टा आपण आणून द्यावा. याला पैसे फारसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि आश्विनात आपल्याकडे नेमका तोच नसतो.

आता शेवटचा आक्षेप. तो सर्वांत नाजूक आहे, कारण तो आईचा आहे. "दिवाळीला घर उजळलं नाही तर लक्ष्मी येईल कशी?"

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही सगळा रंग खरवडून काढला. मी लगेच नवा द्यायला निघालो होतो. पण या वेळी काकांचे ऐकायचे ठरवले होते. काका म्हणाले, "मागची पन्हळ आणि जोतं करून घ्या. मग एक पाऊस बघू. पाणी खरंच थांबलं की नाही, ते पाऊसच सांगेल." म्हणजे दिवाळी उघड्या भिंतींची होणार! आईला हे कसे सांगावे, या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी काकांनीच सांगितले. म्हणाले, "आजी, तापातून उठलेल्या माणसाला लगेच शालू नेसवतात का?" आई काही बोलली नाही. पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिने त्या खरवडलेल्या, करड्या गिलाव्यावर गेरूने दोन स्वस्तिके काढली आणि त्यांच्यासमोर चौरंग मांडला. फराळाला आलेल्यांपैकी काहींनी भिंतीकडे पाहून न पाहिल्यासारखे केले, एकांनी सौजन्याने विचारले, "यंदा रंगाचं राहिलं वाटतं?" आई म्हणाली, "राहिलं नाही. थांबवलंय." लक्ष्मीला अस्वच्छतेचा तिटकारा आहे, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. ओल्या भिंतीवर उधारीचा रंग फासणे तिला आवडते, असे मात्र कोठे ऐकलेले नाही.

पुढचे सांगण्यासारखे फार नाही. त्या पावसात मागची भिंत कमरेखाली तेवढी ओलसर राहिली. तिथला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा केला, आणि ती सबंध भिंत चुन्याचीच ठेवली. फाल्गुनात भिंतींवर दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून रात्रभर ठेवले. सकाळी आत दव दिसले नाही. मग रंग दिला, आणि २२ मार्च २०२३ च्या गुढीपाडव्याला घर तयार होते. पन्हळ-पत्र्याचे ६,२०० रुपये, जोत्याचे ३,८००, गिलाव्याचे ५,०००, लांबी-प्रायमरसह रंगाचे ७,३०० आणि मजुरीचे १६,५००, एकूण ३८,८००. हिशेब मुद्दाम पूर्ण देतो. २०२१ पेक्षा हा खर्च जास्त आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण रंगावरचा खर्च निम्म्याहून खाली आला, मजुरी मी वाढवून दिली, आणि तीन पावसाळे गेले तरी भिंतीला फोड नाही. आधीचे ३१,००० रुपये मात्र साडेचार महिन्यांत सुपात भरून टाकून दिले.

तेव्हा माझी विनंती एवढीच. दिवाळीला घर झाडा, जळमटे काढा, भिंती कोरड्या फडक्याने पुसा, जिथे चुना चालतो तिथे चुन्याचा हात द्या, दारात रांगोळी काढा. रंगाला मात्र पाडव्यापर्यंत थांबवा. तिथीच हवी असेल तर ती साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे; तिच्यात काय कमी आहे? तोवर भिंती वाळलेल्या असतात, दुकानदाराला तुमच्याशी बोलायला वेळ असतो आणि रंगाऱ्याच्या मागे दहा घरांची घाई नसते. आणि फराळाच्या वेळी कोणी तुमच्या भिंतीकडे पाहून "यंदा रंगाचं राहिलं वाटतं?" असे विचारलेच, तर आमच्या आईचे उत्तर त्यांना द्या. तिची हरकत नाही. मी तिला विचारले आहे.